फिरत्या स्ट्रायकरचं प्रकरण: इयान ह्यूमची कारकीर्द आणि नागपूर-कामठीचं मैदान

२०१४ च्या ऑक्टोबरात इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) पहिला मोसम सुरू झाला तेव्हा नागपुरात टीव्हीसमोर बसलेल्यांना देल पिएरो, ट्रेझेगे, अनेल्का, पिरेस ही नावं पाठ होती. केरळ ब्लास्टर्सचा इयान ह्यूम फारसा कुणाला ठाऊक नव्हता. डिसेंबरात मोसम संपला आणि लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब ह्यूमला मिळाला. त्याचे गोल होते ५. त्याच मोसमात चेन्नईयनच्या एलानोने ८ केले होते. शिवाय मोसम चालू असतानाच ह्यूमला ३१ वर्षं पूर्ण झाली होती, आणि त्याच्या कवटीचं सहा वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेलं होतं.

५ गोलांच्या स्ट्रायकरला सर्वोत्तम का ठरवलं, आणि असा माणूस दहापेक्षा जास्त क्लब बदलत वयाच्या पस्तिशीपर्यंत व्यावसायिक फुटबॉलमध्ये टिकला कसा, हे दोन प्रश्न नागपूर आणि कामठीच्या प्रशिक्षकांसमोर ठेवण्यासारखे आहेत. आपल्याकडे सेंटर-फॉरवर्डची किंमत एकाच आकड्यावर ठरते: लीगमध्ये गोल किती मारले. मोतीबागच्या रेल्वे मैदानावर असो की कामठीत, चार सामन्यांत गोल नाही म्हटलं की पोट्टं बाकावर जातं. ह्यूमची कारकीर्द नीट वाचली तर हा हिशेब किती तोकडा आहे ते दिसतं.

प्रवासाचा क्रम

ह्यूमचा जन्म ३० ऑक्टोबर १९८३ चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबरोचा. वाढला कॅनडात, ओंटारिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनमध्ये. किशोरवयातच तो इंग्लंडला ट्रॅनमिअर रोव्हर्सच्या युवा संघात गेला आणि २००० साली, सोळा वर्षांचा असताना, त्यांच्या मुख्य संघातून उतरला. उंची जेमतेम १७० सेंटिमीटर. इंग्लंडच्या खालच्या लीगमध्ये त्या काळी सहा फुटी सेंटर-हाफ, म्हणजे मधले बचावपटू, उंच चेंडू डोक्याने परतवायचे, आणि त्यांच्यात हा मुलगा उभा राहायचा. हवेतली झुंज तो जिंकणार नव्हता, म्हणून त्या झुंजीतून सुटून खाली पडलेल्या चेंडूवर त्याने पोट भरायला सुरुवात केली. ट्रॅनमिअरमध्ये त्याचे १५० च्या आसपास लीग सामने झाले. २००४ मध्ये हा तिसऱ्या पायरीवरचा संघ एफए कपच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला होता.

२००५ मध्ये लेस्टर सिटीने त्याला ५ लाख पौंडांना घेतलं. लेस्टर तेव्हा दुसऱ्या पायरीवर, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये होता. तिथे तीन मोसमांत त्याने तीसच्यावर लीग गोल केले, पण क्लब घसरत गेला आणि २००८ मध्ये इतिहासात पहिल्यांदा तिसऱ्या पायरीवर पडला.

इथे त्याचा पहिला शहाणा निर्णय दिसतो. क्लब खाली गेला तरी ह्यूमचे गोल खाली गेले नव्हते आणि करार अजून बाकी होता. बार्न्सलीने त्याच उन्हाळ्यात १२ लाख पौंड मोजले. ह्यूम चॅम्पियनशिपमध्येच राहिला आणि लेस्टरलाही तीन वर्षांपूर्वी मोजलेल्या रकमेच्या दुपटीहून जास्त पैसे मिळाले. करार शिल्लक असताना आणि गोल ताजे असताना हललेल्या खेळाडूला भाव असतो. हेच एक वर्ष थांबून तिसऱ्या पायरीवरून केलं असतं, तर क्लबही त्याच पायरीचे मिळाले असते.

बार्न्सलीनंतर २०१० मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंड, आधी लोनवर, म्हणजे उसना, आणि मग कायम. प्रेस्टन २०११ मध्ये तिसऱ्या पायरीवरच्या लीग वनला घसरला. २०१२-१३ मध्ये लोनवर डॉन्कॅस्टर रोव्हर्स, ज्यांनी त्या मोसमात लीग वन जिंकली. २०१४ मध्ये पुन्हा लोन, या वेळी चौथ्या पायरीवरचा फ्लीटवुड टाउन. तो संघही त्या मोसमात प्लेऑफ जिंकून वर चढला. कागदावर ही उतरती भाजणी वाटते. आमच्या मते ती तशी वाचू नये. दोन्ही लोन अशा संघांकडे होते ज्यांना वर जाण्यासाठी कामाला जुंपलेला माणूस हवा होता, आणि ह्यूमला मैदानावरची मिनिटं हवी होती. तिशीच्या आसपासचा स्ट्रायकर मोठ्या क्लबच्या बाकावर मोसमभर बसला की पुढच्या क्लबकडे दाखवायला त्याच्याजवळ काहीच उरत नाही. त्याची पुंजी म्हणजे गेल्या सहा महिन्यांत खेळलेली मिनिटं.

८ नोव्हेंबर २००८

बार्न्सलीच्या ओकवेल मैदानावर शेफील्ड युनायटेडविरुद्धचा सामना. हवेतल्या चेंडूसाठी झालेल्या झुंजीत प्रतिस्पर्धी बचावपटूचं कोपर ह्यूमच्या डोक्यावर बसलं. रेफ्रीने पिवळं कार्ड दाखवलं. ह्यूमच्या कवटीला फ्रॅक्चर झालं होतं, आत रक्तस्राव झाला होता आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. प्रसंग रेफ्रीने पाहून त्यावर निर्णय दिलेला असल्याने इंग्लिश फुटबॉल संघटनेने नंतर वेगळी कारवाई केली नाही. त्यावर तिकडे बरंच वादंग झालं. ह्यूमचा तो मोसम तिथेच संपला आणि तो पुढच्या मोसमाच्या तोंडावर परतला. डोक्यावरचा लांबलचक व्रण पुढे कोचीपासून पुण्यापर्यंत प्रत्येक कॅमेऱ्याने टिपला.

ही बाब इथे सविस्तर लिहायचं कारण सरळ आहे. नागपुरात स्थानिक लीगच्या बहुतेक सामन्यांना मैदानाजवळ रुग्णवाहिका नसते. उन्हाळ्यात काळी माती सुकून भेगाळते आणि सिमेंटसारखी कडक होते, त्यामुळे डोकं आपटण्याचा धोका गवती मैदानापेक्षा जास्त. आणि डोक्याला लागलेलं पोट्टं दोन मिनिटांत उठून 'मी ठीक आहे सर' म्हणतं तेव्हा त्याला परत आत पाठवायची सवय आपल्याकडे सर्रास आहे.

कवटीच्या फ्रॅक्चरमध्ये फसवणूक इथेच होते. कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून मेंदूच्या आवरणाची रक्तवाहिनी जाते. ती फाटली की कवटी आणि आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागतं. सुरुवातीला खेळाडू बोलतो, चालतो, पाणी पितो. अर्ध्या तासाने किंवा काही तासांनी डोकेदुखी वाढते, उलटी होते, झापड येते. मधला हा बरा वाटणारा काळ जीव घेतो, कारण तेवढ्यात मुलगा दुचाकीवर मागे बसून घरी गेलेला असतो आणि 'थकला आहे, झोपू द्या' म्हणून घरच्यांनी त्याला झोपवलेलं असतं.

म्हणून मैदानावरचा नियम एकच ठेवावा. डोक्याला मार लागल्यावर क्षणभर शुद्ध हरपली, तोल गेला, स्कोअर किंवा प्रतिस्पर्ध्याचं नाव आठवेना, नजर शून्यात लागली, यांतलं एकही लक्षण दिसलं तर त्या दिवशी तो खेळाडू पुन्हा मैदानात उतरत नाही, सामना अंतिम असला तरी. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, दोन डोळ्यांच्या बाहुल्यांत फरक, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाण्यासारखा स्राव, झटका, हातापायात अशक्तपणा यांतलं काही असेल तर थेट मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) किंवा न्यूरोसर्जन असलेलं रुग्णालय गाठून सीटी स्कॅन करून घ्यावा. मानेलाही मार असल्याची शंका असेल तर मान न हलवता, आडवं ठेवूनच न्यावं. पहिले २४ तास त्याला एकटं सोडू नये आणि डोकेदुखीसाठी अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये, कारण त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

फ्रॅक्चर नसलेल्या साध्या कन्कशनमध्येही, म्हणजे मेंदूला हिसका बसतो तेव्हाही, परतीच्या पायऱ्या असतात. आधी २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, मग चालणं किंवा सायकल, मग चेंडूशिवाय धावणं, मग अंगाला अंग न लागणारा सराव, मग डॉक्टरांच्या परवानगीने पूर्ण सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि लक्षणं परत आली तर एक पायरी मागे. मुलांच्या बाबतीत याहून सावकाश. बाजारात मिळणाऱ्या मऊ हेडगार्डने कातडी फाटणं कमी होतं, आत मेंदूला बसणारा हिसका त्याने थांबतो असं मानून चालू नये.

ह्यूमच्या खेळावर या दुखापतीचा परिणाम झाला. बार्न्सलीत लेस्टरसारखे गोल त्याला पुन्हा जमले नाहीत. पण हवेतल्या चेंडूकडे जाणं त्याने सोडलं नाही. २०१८ च्या १० जानेवारीला दिल्लीत, दिल्ली डायनामोजविरुद्ध, सामन्यात डोक्याला लागून रक्त आल्यावर बँडेज बांधून तो खेळत राहिला आणि हॅटट्रिक करून केरळला ३-१ जिंकून दिलं. या चित्राचं कौतुक खूप झालं. धैर्य खरंच होतं, पण प्रशिक्षकाने एक फरक ध्यानात ठेवावा: कातडीची जखम बांधून खेळता येतं, कन्कशन बांधता येत नाही. व्यावसायिक संघात हा फरक ठरवायला बाजूला डॉक्टर उभा असतो. कामठीच्या सामन्यात तो नसतो, म्हणून शंका आली की खेळाडू बाहेर.

राष्ट्रीय संघ: ४३ सामने, ६ गोल

कॅनडासाठी ह्यूम २००३ ते २०१६ दरम्यान ४३ सामने खेळला आणि ६ गोल केले. स्ट्रायकरसाठी हा आकडा लहानच. त्यामागचं कारण पाहायला हवं.

युवा पातळीवरही त्याने नाव कमावलं होतं. २००३ च्या जागतिक युवा स्पर्धेत, संयुक्त अरब अमिरातीत, कॅनडा उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. तिथे स्पेनविरुद्ध ह्यूमने गोल केला आणि कॅनडा जादा वेळेतल्या गोल्डन गोलने (ज्याचा गोल आधी, तो तिथेच जिंकला) २-१ हरला. २००७ च्या गोल्ड कपमध्ये शिकागोत अमेरिकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात कॅनडा २-० मागे असताना राखीव म्हणून येऊन त्याने एक गोल फेडला. शेवटच्या मिनिटांत कॅनडाने बरोबरी साधणारा चेंडू जाळ्यात मारला, पण तो चुकीने ऑफसाइड ठरवला गेला. मग १६ ऑक्टोबर २०१२: होंडुरासमध्ये विश्वचषक पात्रतेचा सामना, पुढे जायला कॅनडाला बरोबरी पुरेशी होती. ८-१ हार. तो एक गोल ह्यूमचा.

कॅनडा त्या काळात बहुतेक सामने बचावात खेळायचा. एका सामन्यात स्ट्रायकरच्या वाट्याला एखाददुसरी संधी यायची. त्यात प्रवास. शनिवारी इंग्लंडमध्ये क्लबचा सामना, रविवारी विमान, सोमवारी एक हलका सराव, बुधवारी मध्य अमेरिकेच्या दमट उष्णतेत किंवा समुद्रसपाटीपासून सव्वादोन किलोमीटर उंचीवरच्या मेक्सिको सिटीत सामना, आणि शुक्रवारी पुन्हा इंग्लंड. फिफाच्या आंतरराष्ट्रीय तारखांना क्लबला खेळाडू सोडावाच लागतो, पण थकून परतलेल्याला शनिवारी पहिल्या अकरात घेण्याचं बंधन क्लबवर नसतं. चॅम्पियनशिपमध्ये ४६ सामन्यांचा मोसम असतो. राष्ट्रीय संघाचं प्रत्येक बोलावणं म्हणजे क्लबमधली जागा पणाला लावणं, आणि फिरत्या खेळाडूसाठी ती जागाच पोटापाण्याची असते. तेरा वर्षं तो तरीही जात राहिला, याला आम्ही ६ गोलांपेक्षा मोठं मानतो.

एडिनबरोत जन्मलेला मुलगा कॅनडासाठी खेळू शकला, तशी सोय भारतीय वंशाच्या परदेशस्थ खेळाडूला भारतासाठी नाही. इथे भारतीय पासपोर्ट लागतो आणि आपला कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही. त्यामुळे भारताला स्ट्रायकर इथूनच तयार करावे लागणार, आणि नागपूरसारख्या शहराकडे म्हणूनच बघावं लागेल.

भारतात त्याने नेमकं काय केलं

पहिल्या तीन मोसमांत आयएसएल जेमतेम दहा आठवड्यांची होती. २०१४ मध्ये आठ संघ, साखळीत प्रत्येकी १४ सामने. अकरा जणांत सहा परदेशी चालत. अशा लीगमध्ये संघ बांधायला वेळच नसतो. जो माणूस विमानातून उतरून तिसऱ्या दिवशी संघाच्या कामाचा होतो, तोच खपतो. ह्यूमने चौदा वर्षं हेच केलं होतं: नवा ड्रेसिंग रूम, नवा प्रशिक्षक, नवे साथीदार, आणि शनिवारी सामना.

केरळ ब्लास्टर्सच्या इतिहासातला पहिला गोल त्याचा. उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात चेन्नईयनला ३-० हरवलं, त्यात एक गोल त्याचा. पण किताब मिळाला तो बाकीच्या कामासाठी. ब्लास्टर्सचा खेळ बचावाचा आणि काटकसरीचा होता. ह्यूम पुढच्या फळीतून खाली उतरून मधल्या फळीला मदत करायचा, प्रतिस्पर्धी सेंटर-बॅककडे चेंडू गेला की धावून त्याला घाईत पास द्यायला लावायचा, कडेला जाऊन फाउल मिळवायचा. दमलेल्या संघाला श्वास घ्यायला लागणारी वीस सेकंदं तो कोपऱ्यात चेंडू अडवून मिळवून द्यायचा. कोचीतले प्रेक्षक त्याला 'ह्यूमेट्टन', म्हणजे ह्यूमदादा, म्हणू लागले ते या धावपळीमुळे.

२०१५ मध्ये तो अॅटलेटिको दी कोलकात्याकडे गेला. तिथे मुख्य स्ट्रायकर पोर्तुगालचा हेल्डर पोस्टिगा होता. पोस्टिगा पहिल्याच सामन्यात दोन गोल करून जखमी झाला आणि मोसमाला मुकला. ह्यूमने ती जागा घेतली आणि ११ गोल केले. नावाजलेला माणूस जायबंदी होतो तेव्हा बाकावर कोण तयार आहे यावर मोसम ठरतो. २०१६ मध्ये ७ गोल, त्यांत मुंबई सिटीविरुद्धच्या उपांत्य सामन्यातले दोन, आणि विजेतेपद. अंतिम सामना कोचीत, जुन्याच प्रेक्षकांसमोर. १-१ नंतर पेनल्टी शूटआउटमध्ये कोलकात्याची पहिली पेनल्टी ह्यूमने घेतली आणि ती गोलरक्षकाने अडवली. कोलकाता तरी ४-३ जिंकला. पहिली पेनल्टी घ्यायला पुढे येणं हे ज्येष्ठ खेळाडूचं काम असतं, चुकली तरी.

दोन मोसमांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत तो स्पेनला गेला, २०१६ मध्ये पोन्फेराडिना आणि २०१७ मध्ये एक्स्ट्रेमादुरा. २०१७-१८ मध्ये पुन्हा केरळ, ५ गोल, आणि मग गुडघ्याच्या दुखापतीने मोसम अर्धवट. त्या चार मोसमांत त्याचे आयएसएलमध्ये २८ गोल झाले. शेवटी २०१८-१९ मध्ये बालेवाडीला, एफसी पुणे सिटीकडे.

आता मैदानावरची गोष्ट. ह्यूमसारख्या बुटक्या स्ट्रायकरच्या ज्या दोन हालचाली नागपूरच्या मुलांना शिकवता येतात, त्यांतली पहिली आहे क्रॉसवर, म्हणजे कडेने गोलसमोर आलेल्या चेंडूवर, जवळच्या खांबाकडे धावण्याची. चेंडू उजव्या विंगरकडे, म्हणजे कडेने खेळणाऱ्या फॉरवर्डकडे आहे. स्ट्रायकर गोलपासून १४ ते १६ मीटरवर, त्याला अडवणाऱ्या सेंटर-बॅकच्या मागच्या खांद्याजवळ उभा राहतो. चेंडू आणि माणूस दोन्ही एकाच नजरेत बचावपटूला दिसू नयेत, यासाठी ही जागा. विंगरने मान वर केली की स्ट्रायकर दोन पावलं लांबच्या खांबाकडे टाकतो. बचावपटूचं वजन त्या पायावर गेलं की त्याच्या पुढून आत कापायचं आणि सहा यार्डांच्या रेषेवर चेंडूसोबत पोहोचायचं.

बहुतेक मुलं इथे लवकर धावतात. विंगरने दुसरा टच घेतला तोवर ही आधीच गोलसमोर उभी, बचावपटू सावरलेला, आणि चेंडू पाठीमागून जातो. उपाय म्हणजे धावायची खूण चेंडूवरून न घेता विंगरच्या मानेवरून घेणं. दुसरी अडचण खास आपली. कडक, खडबडीत जमिनीवर खालचा क्रॉस शेवटच्या दोन मीटरमध्ये उसळून गुडघ्यापर्यंत येतो, म्हणून मुलं टप्पा पडायची वाट पाहत थबकतात. तेवढ्यात संधी गेलेली असते. शेवटची तीन पावलं आखूड टाकली आणि घोटा घट्ट ठेवून पायाच्या आतल्या बाजूने चेंडू फक्त वळवला, तर उसळी आली तरी चेंडू गोलच्या दिशेनेच राहतो. जोरात मारायला गेलं की तो आडव्या दांड्यावरून जातो. आठ धावांचे तीन संच, दोन धावांच्या मधे ४५ सेकंद थांबून, आठवड्यातून दोनदा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हे सकाळी सातच्या आत आटोपावं. दमलेल्या पायांनी वेळ साधायचा सराव होत नाही, उशिरा पोहोचायची सवय मात्र लागते.

दुसरी हालचाल चेंडू आपल्याकडे नसतानाची. प्रतिस्पर्ध्याच्या एका सेंटर-बॅककडे चेंडू असताना सरळ त्याच्या अंगावर धावलं तर तो सहज दुसऱ्याला आडवा पास देतो आणि आपली धाव फुकट जाते. म्हणून आठ-दहा मीटरची धाव वाकडी घ्यायची, दोन सेंटर-बॅकच्या मधल्या रेषेतून, म्हणजे आडवा पास बंद होतो आणि त्याला चेंडू कडेला द्यावा लागतो. तिथे आपला विंगर आधीच पुढे आलेला हवा. तो आला नसेल तर धावू नये. एकट्याने केलेलं प्रेसिंग, म्हणजे चेंडू परत मिळवायला अंगावर धावणं, प्रेक्षकांच्या टाळ्या मिळवतं आणि संघाच्या मध्यभागी भगदाड पाडतं. सामन्याच्या नोंदवहीत गोलांच्या शेजारी हे दोन रकाने घालावेत: अशा धावेनंतर आपल्या संघाने चेंडू किती वेळा परत मिळवला, आणि पाठीशी बचावपटू लागलेला असताना स्ट्रायकरने किती चेंडू धरून ठेवले. चार सामन्यांत गोल नसलेल्या मुलाला बाकावर बसवण्याआधी हे दोन आकडे बघावेत.

कागद

२०१४ मध्ये अकरांत सहा परदेशी चालायचे, २०१७-१८ पासून पाच आणि २०२१-२२ पासून चार. तरीही क्लब परदेशी माणूस आधी नऊ क्रमांकावर, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या जागीच घेतात. त्यामुळे भारतीय स्ट्रायकरला कडेने किंवा दुसरा फॉरवर्ड म्हणून खेळता आलं पाहिजे आणि त्याला क्लब बदलत राहावं लागणार. नागपुरातल्या मुलापुढे रेल्वे आणि पोलिस खात्याच्या संघांचा पर्याय असतो. तो चांगला पर्याय आहे, नोकरी आहे. पण ज्याला मुंबई, कोलकाता किंवा गोव्याकडे जायचं असेल त्याने चेंडूइतकंच लक्ष कागदाकडे द्यावं.

एका मोसमात खेळाडूची नोंदणी जास्तीत जास्त तीन क्लबांकडे होऊ शकते आणि अधिकृत सामने सहसा दोनच क्लबांसाठी खेळता येतात. ह्यूमचं कोलकाता आणि स्पेन हे गणित या मर्यादेत बसत होतं. ऑगस्टमध्ये एका क्लबसाठी एखादा सामना, ऑक्टोबरात दुसऱ्यासाठी आणि जानेवारीत तिसरा क्लब शोधणाऱ्याला नोंदणी मिळेल, मैदान मिळणार नाही. करार संपायला सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करता येतो, त्याआधी नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाचा करार तीन वर्षांपेक्षा जास्त लांबीचा मान्य होत नाही. पाच वर्षांच्या कागदावर वडिलांची सही घेणारा भेटला तर उठून यावं. वैद्यकीय तपासणी सहीच्या आधी करून घ्यावी. फिफाच्या नियमांनुसार 'मेडिकल पास झालास तरच करार लागू' अशी अट घालता येत नाही.

पगार दोन महिने थकला तर खेळाडूने क्लबला लेखी नोटीस द्यायची आणि किमान १५ दिवसांची मुदत द्यायची. तरी पैसे आले नाहीत तर योग्य कारणाने करार मोडता येतो. बहुतेक मुलं व्हॉट्सअॅपवर विनवण्या करत सहा महिने घालवतात आणि हाती पुरावा म्हणून काही नसतं. नोटीस ईमेलने, कराराच्या प्रतीसह, तारीख टाकून पाठवावी.

क्लबांसाठीही एक गोष्ट. खेळाडू करार चालू असताना पैसे देऊन एका देशातून दुसऱ्या देशात गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ वयाच्या प्रत्येक मोसमासाठी रकमेच्या पाव टक्का, १६ ते २३ च्या प्रत्येक मोसमासाठी अर्धा टक्का. समजा कामठीच्या एखाद्या क्लबकडे मुलगा १४ ते १७ या वयाचे चार मोसम नोंदलेला होता आणि पुढे कधी त्याची १ कोटी रुपयांना परदेशी बदली झाली, तर त्या क्लबचा वाटा दीड टक्का, म्हणजे दीड लाख रुपये. वर्षभराचे चेंडू, जाळ्या आणि सामन्यांना जायचं भाडं त्यातून निघतं. पण मुलगा क्लबमध्ये खेळत होता हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत असून उपयोग नाही. एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) ऑनलाइन प्रणालीत त्या मोसमाची नोंदणी हवी, जन्मतारीख दाखल्याशी जुळणारी हवी आणि नावाचं स्पेलिंग आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि पासपोर्ट या तिन्हींवर सारखं हवं. आपल्याकडे अडकतं ते सहसा या शेवटच्या बाबीवर. वडिलांचं नाव एकीकडे मधे, दुसरीकडे गायब, आडनाव दोन प्रकारे. मुलगा बारा-तेरा वर्षांचा असतानाच हे दुरुस्त करून घ्यावं, कारण जुन्या मोसमांची नोंद मागाहून घालायला गेलं की पुरावे मागितले जातात आणि तोवर क्लबचा सचिवही बदललेला असतो.